बेचाळीस पावलांची बाग

सपाट रानात पायऱ्या चढणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. लोकांचे साडू कसे असतात? लग्नात आहेरावरून रुसतात, जेवणाच्या पंगतीत मानाचा पाट कुणाला मांडला ते तिरक्या डोळ्यानं बघतात, आणि सासऱ्यांची तब्येत विचारताना सासऱ्यांच्या जमिनीचीही विचारपूस करून घेतात. आमच्या थोरल्या साडूंना यातलं काही म्हणजे काही येत नाही. त्यांना येते ती फक्त एक बाग. शाळेतल्या पोराला पाढे पाठ असावेत तशी ती त्यांना पाठ आहे, वरून खाली, खालून वर आणि मधूनच कुठूनही. अडचण एवढीच, की ही बाग गेली साठेक वर्षं जागेवर नाही.

ताडकळसहून नदीच्या अंगानं गेलं की काठाला एक उंचवटा लागतो. नदी म्हणजे गोदावरी, पण आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. त्या उंचवट्यावर निजामाच्या अमलात एका जहागीरदाराची कोठी होती. जहागीरदार राहायचा हैदराबादेत, इथं यायचा तो आंब्याच्या दिवसांत महिनाभर हवा खायला. कोठीपुढं गंगेकडं उतरत गेलेले बागेचे तीन टप्पे आणि डाव्या हाताला झाडांचं बन, असा सगळा थाट. हा थाट आखला, लावला आणि राखला तो साडूंच्या वडिलांनी. ते तिथले माळी. पुढे जहागिरी गेली, जहागीरदार काही वर्षं सवयीनं येत राहिला, मग तोही येईनासा झाला. साडू नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि आई त्यांना घेऊन पालमला भावाकडे निघून गेली. त्यानंतर कोठी पडली, दगड गावातल्या घरांच्या पायात गेले, टप्प्यांवर नांगर फिरला. आज तिथं कोठीचं जोतं आहे, जोत्याला लागून दाराचा एक उंबरादगड आहे, बनातली दोन जांभळं आहेत, आणि बाकी सगळं मारोतराव नावाच्या शेतकऱ्याचं पीक आहे.

पण हे तुम्हाला आणि मला. साडूंना नाही.

माझं लग्न होऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं. पायात सासुरवाडीचे नवेकोरे बूट, डोक्यावर ऊन, समोर कापणी झालेलं ज्वारीचं रान. मी आपला जांभळाच्या सावलीकडं सरळ निघालो. साडूंनी दंड धरून मागं ओढलं. मी गुलाबाच्या ताटव्यातून चाललो होतो म्हणे. मग आम्ही ताटव्याला वळसा घातला, एका जागी काटकोनात डावीकडे वळलो, मधेच थांबून दोन पायऱ्या उतरलो, म्हणजे साडू उतरले आणि मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो, आणि कारंज्याच्या बाजूनं जाताना त्यांनी मला धोतर सावरायला सांगितलं, तुषार उडतात म्हणून. मी पँट घातली होती. ती सावरली. नवा जावई काय करणार? परत येताना तर कहर झाला. साडू बोलण्याच्या नादात एक पायरी विसरले, मग एकदम आठवून त्यांनी पाय उचलला तो इतका उंच, की तोल जाऊन धाडकन पडले आणि चष्म्याची एक काच गेली. नसलेल्या पायरीवरून पडलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

बनाची तऱ्हा आणखी निराळी. कोठीतल्या बायकांना गोषा, म्हणजे पडदा, असायचा, म्हणून वडिलांनी बनातून अशी सात वळणांची नागमोडी वाट काढली होती, की दोन टोकांनी निघालेली दोन माणसं एकमेकांना दिसू नयेत. ही करामत आम्हाला पटावी म्हणून साडूंनी एकदा माझ्या बायकोला एका टोकाला उभं केलं आणि अक्काला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बायकोला आणि माझ्या मेहुणीला, दुसऱ्या टोकाला. मधे एक झुडूपसुद्धा नाही. दोघी सख्ख्या बहिणी भर दुपारी मोकळ्या रानात सापासारख्या वळत चालल्या आहेत, एकमेकींना लख्ख दिसत आहेत, आणि साडू ओरडून बजावत आहेत की तिकडं बघू नका, झाडं हायेत. वाट संपेपर्यंत हसून हसून माझी बायको खाली बसली. अक्का मात्र हसली नाही. तिनं सातही वळणं नीट घेतली आणि मग पदरानं तोंड पुसत मला म्हणाली, की यांच्याशी लग्न करून मी हेच शिकले बघा, नसलेल्या झाडांना वळसा घालायला.

आता खरी गंमत अशी, की हा माणूस नोकरीला होता मोजणी खात्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. साखळी, खुंट, नकाशा यात केस पांढरे केले, आणि त्यात त्यांचं पाऊल असं घडलं, की अडीच फूट म्हणजे अडीच फूट. बांधावरून हाणामारीला आलेले भाऊ त्यांना म्हणायचे, साहेब, साखळी राहू द्या, तुम्ही नुसतं चालून दाखवा. मी कापडवाला माणूस, माझंही आयुष्य मापातच गेलं, पण साडू दुकानात आले की माझी छाती धडधडायची. ते चहा येईपर्यंत दुकान पावलांनी मोजायचे आणि गल्ला चार बोटं वाकडा बसवलाय असं सांगून माझं सुख घालवायचे. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो तर गाभाऱ्यासमोर डोळे मिटलेले आणि ओठ हलत असलेले बघून मला वाटलं, नामस्मरण चाललंय. चाललं होतं सभामंडपाचं माप.

आणि जेवण! साडूंच्या शेजारी पंगतीला बसणं म्हणजे शिक्षा. भात वाढला की ते आधी त्याची कोठी करायचे, मग बोटांनी तिच्यापुढं तीन टप्पे थापायचे, मधून पाण्याचा पाट काढायचे, आणि वाढप्याला वरण थेट कोठीच्या डोक्यावर वाढायला लावायचे. वरण पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नीट उतरलं तर ठीक. मधेच कुठं फुटून कोशिंबिरीत शिरलं, तर पुन्हा भात मागवायचा. सगळी पंगत उठली तरी यांची बाग भिजतच असायची. एका लग्नात नवरीकडच्या माणसानं काळजीनं विचारलं, की पाहुण्यांना भात आवडला नाही का. मी सांगितलं, भात उत्तम आहे, पाहुणे पाणी सोडायलेत.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट कधीच जमायची नाही. ती म्हणजे तिसरा टप्पा. वडिलांनी त्यांना बाग शिकवली होती ती बोट धरून, पावलं मोजत. उंबरादगडापासून कारंज्यापर्यंत बेचाळीस पावलं. तिथून दुसऱ्या टप्प्याच्या पायऱ्यांपर्यंत अठ्ठावीस. असं करत करत साडू तिसऱ्या टप्प्याला निघाले, की निम्म्या पावलांतच गंगेची दरड यायची. मग ते काठावर उभे राहून पाण्याकडं हात करायचे आणि म्हणायचे, पुढचं गंगेनं नेलं. तिथं केवडा होता, बसायला दगडी ओटा होता, सगळं गंगेनं नेलं. गावातले लोक म्हणायचे, गंगा तर आमच्या पणज्यापासून जिथल्या तिथं आहे.  गावात त्या बागेला पाहिलेलं जिवंत कुणी उरलं नव्हतं, आणि बाकीच्यांना माळ्याच्या पोराची बाग हा एक करमणुकीचा विषय होता. कोठी होती, हे कबूल. पण कारंजं? आठ पाकळ्यांचं? आणि त्याच्या हौदात हे पोहले? लोक तोंडावर हसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायचो.

एकदा असंच हसलो तेव्हा ते चिडले नाहीत. दुकानाच्या पायरीवर बसले होते, तिथूनच म्हणाले, "साडूभाऊ, वडलांचं माझ्यापाशी काय बी न्हाई. फोटू न्हाई, हातची चिठ्ठी न्हाई. ही बाग तेवढी हाय, आन लोकं मनतेत ती बी नव्हती." त्यानंतर मी हसणं सोडलं. निदान समोर.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात मारोतरावांचा फोन आला. मारोतराव भला माणूस. याच साडूंच्या फेरफटक्यापायी त्यांचं पीक किती वेळा तुडवलं गेलं, पण त्यांनी तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. त्यांना आता तिथं हळद लावायची होती, ठिबक टाकायचं होतं, म्हणून उंचसखल सगळं काढून रान एकसारखं करायचं होतं. यंत्र ठरलं होतं. तरी आधी सांगावं म्हणून फोन केला. साडूंनी एकच दिवस मागितला. सपाटी करायच्या आधी कारंज्याच्या जागी खणून बघू द्या, लागलं तर बाग होती, नाही लागलं तर नव्हती. मी म्हटलं, असं तोडून कशाला बोलता? ते म्हणाले, सपाटी झाल्यावर बोलून काय उपेग.

त्या दिवशी साडू लग्नाला जावं तसे पांढरेशुभ्र कपडे घालून आले. बरोबर मी, आणि भाकरीचं गाठोडं घेऊन अक्का. अक्काचे गुडघे तेव्हा फार धरले होते, तरी ऐकली नाही. गावातली वीस-पंचवीस माणसं जमली होती, फुकटचा तमाशा कोण सोडतो? साडू उंबरादगडावर उभे राहिले, जोत्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि चालायला लागले. मोठ्यानं मोजत. बेचाळीसला थांबले, टाचेनं खूण केली. यंत्रानं खणलं. काळी माती निघाली. आणखी खणलं, आणखी काळी माती. खाली मुरूम लागला. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, सगळीकडं तेच. विटेचा तुकडा नाही, चुन्याचा कण नाही. लोक आधी हसत होते, ते हळूहळू पुढं येऊन खड्ड्यात वाकून बघायला लागले. गर्दीतला एक जण म्हणाला, काका, सपनात बगितली आसन बाग. तो वाईट हेतूनं बोलला नाही, समजुतीनंच बोलला, आणि तेच जास्त लागलं.

 साडू खड्ड्यापासून वळले आणि जोत्याकडं निघाले. सरळ. गुलाबाच्या ताटव्यातून, पायऱ्यांवरून, कशालाही वळसा न घालता, तुम्ही-मी चालतो तसे सरळ चालत आले आणि जोत्यावर बसले.  चाळीस वर्षांत त्या ताटव्यावर त्यांनी स्वतः कधी पाय दिला नव्हता आणि मला देऊ दिला नव्हता. मारोतराव माझ्याकडं बघायला लागले, मी जमिनीकडं.

अक्का शेजारी गाठोडं सोडत बसली होती. तिनं भाकरी काढता काढता साधंच विचारलं, "वडलांनी बोट धरून मोजायला शिकवलं, तवा तुमी केवढे व्हते वो?"

"आसन आठ वर्षांचा," साडू म्हणाले.

अक्कानं भाकरी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली, उंबरादगडापाशी गेली आणि तिथून चालायला लागली. गुडघ्यांपायी तिचं पाऊल ते केवढं! एवढंएवढं टाकत, ओठांत मोजत, वाटेत दोनदा कमरेवर हात ठेवून थांबत ती गेली आणि खड्ड्याच्या पुष्कळ अलीकडं उभी राहिली. म्हणाली, "हितं खणा."

आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी कापडवाला, माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. बाग मोजली होती आठ वर्षांच्या पोराच्या पावलांनी, आणि साडू ती आयुष्यभर मोजणीदाराच्या अडीच फुटी पावलांनी शोधत होते. पोराच्या मापाचं कापड आणून त्यात बापाचा सदरा बेततोय, असा तो प्रकार. जिल्ह्यातल्या सगळ्या बांधांची भांडणं मिटवणारा माणूस स्वतःच्या घरच्या मोजणीत असा चुकला होता, आणि चुकला तोही फक्त त्याचं पाऊल फार बरोबर होतं म्हणून.

दोन हात खोल गेल्यावर चुना लागला. मारोतरावांनी यंत्र थांबवलं आणि स्वतः फावडं घेऊन माती ओढली. पाकळी निघाली, विटांची, वर चुन्याचा गिलावा, कडेला अजून निळसर रंग. मग दुसरी. आठही निघाल्या. मघाशी सपनातली बाग म्हणणारा माणूस सगळ्यांच्या आधी खाली बसून हातांनी माती पुसत होता.

साडू आले, काठावर उभे राहिले. हौद बैलगाडीच्या चाकाहून थोडा मोठा असेल, खोली गुडघ्याएवढी.  मला वाटलं होतं ते रडतील, नाचतील, गावाला चार शब्द ऐकवतील. त्यांनी हळूच विचारलं, "येवढुसाच व्हता?"

 अक्का म्हणाली, "तुमी बी येवढुसेच व्हते की."

मग ते वळले आणि त्यांनी ती अख्खी बाग लहान पावलांनी पुन्हा चालून काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस आठ वर्षांच्या पोरासारखा पावलाला पाऊल टाकत चाललाय आणि मागं सगळं गाव. दुसऱ्या टप्प्याच्या पायऱ्या जिथं आल्या तिथं जमिनीला अजून हलका उतार होता, आजवर तो कुणी पाहिलाच नव्हता. आणि तिसरा टप्पा गंगेच्या दरडीच्या अलीकडं, कोरड्या रानात, पुरेपूर बसला. केवडा, ओटा, सगळ्याला जागा झाली. साडू काठावर उभे राहून पाण्याकडं बघत मला म्हणाले, "गंगेनं काय बी न्हाई नेलं, साडूभाऊ. मीच लांब गेलतो."

मारोतरावांनी कारंजं बुजवलं नाही, सपाटी करताना भोवतीची माती तेवढी उतरवली. हळदीच्या सऱ्या तिथं आल्या की वळसा घेतात. साडूंनी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच केलं.

पण बाग सापडली आणि साडू हरवल्यासारखे झाले. महिनाभर भात नुसता कालवून जेवायचे. अक्का घाबरली, मला फोन करून म्हणाली, यांनी आज वरण सरळ भातावर घेतलं हो. मी मनाशी म्हटलं, ज्याला आयुष्यभर आभाळाएवढी बाग होती, त्याला आता दोन-चार गुंठ्यांत राहायला लावलंय, अवघड जाणारच. खरं सांगतो, एकदा तर वाटलं, अक्का त्या दिवशी घरीच राहिली असती तर बरं झालं असतं. मग एके दिवशी त्यांनी पानात मूठभरच भात वाढायला सांगितला, करंगळीनं बारीक बारीक तीन टप्पे केले आणि चमच्यानं वरण सोडलं. एका दमात खालपर्यंत उतरलं. अक्कानं तेवढ्यासाठीसुद्धा मला फोन केला.

यंदा थंडीच्या सुरुवातीला ते न्हाणीघराच्या पायरीवरून पडले. खऱ्या पायरीवरून. खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने खाटेवर गेले, आता काठी घेऊन चालतात, पाय फरफटत. संक्रांत झाली आणि त्यांनी बागेचा हट्ट धरला. मी आधी चिडचिड केली, डॉक्टर काय म्हणाले, रस्ता कसला आहे, वगैरे. मग गाडी सांगितली.

हळद काढायला आली होती, पानं पिवळी पडून आडवी झालेली. उंबरादगडापाशी त्यांनी काठी माझ्याकडं दिली आणि माझं बोट धरलं. हात नाही धरला, बोट धरलं. आणि निघाले. पाऊल एवढंएवढं, त्याहून मोठं आता पडतच नाही. मोठ्यानं मोजत होते, मीही मोजत होतो. मधे दोनदा दम खाल्ला. चाळीस, एकेचाळीस, आणि बेचाळीसला त्यांच्या चपलेचं टोक कारंज्याच्या पाकळीला लागलं.

"बसलं बगा बराबर," साडू म्हणाले.

 चष्मा पुसायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं. त्यांचं लक्ष नव्हतंच. कारंज्याला वळसा घालून ते दुसऱ्या टप्प्याकडं निघाले होते, माझं बोट तसंच धरून, अठ्ठावीस पावलं मोजत. सपाट मातीत एका जागी ते थांबले आणि मला म्हणाले, जपून, पायरी हाय. मी पाय उचलला आणि उतरलो.